शिट्टी वाजली की हात खाली

वर्ध्याच्या पोस्टिंगचा सिग्नल आला तेव्हा मी केंद्रीय दलाच्या महिला कंपनीत हवालदार होते, वय छत्तीस, आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. मी मूळची वडनेरची. आपल्याच जिल्ह्यात बंदोबस्ताला जायचं, म्हणजे माहेरचे लोक आपल्याला वर्दीत बघणार. त्या आठवड्यात मी बुटांना इतकं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसायचं, आणि मी ते बघायचे.

आता मला नात आहे. माझा तेव्हाचा फोटो पाहून ती म्हणते, "आजी, तू अशी काऊन उभी हाय? जसं कोनी मेडल द्यायले येऊन राह्यलं." पोरगी चुकत नाही. ती बाई तशीच उभी राहायची. आज ती मला रस्त्यात भेटली, तर मी तिला एक टपली मारून पुढे जाईन.

माझी ख्याती होती कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडण्याची. मोठे साहेब पाहणीला आले की कवेलूंची चळत मांडायची आणि मी तळहाताच्या कडेने ती फोडायची. टाळ्या पडायच्या. ते कवेलू आदल्या दिवसापासून कडक उन्हात वाळवून ठिसूळ केलेले असत, हे साहेबांना माहीत नसे. हळूहळू मीही ते विसरले होते.

आमचा मुक्काम वर्धा शहराच्या कडेला, सिंदी मेघेच्या बाजूनं, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. तिथला कापूस कधीच गेला होता, पण भिंतींना रुई चिकटून होती. सकाळी उठलं की केसांत रुई, चहात रुई. पहाटे फॉल-इन, मग पीटी, नाश्ता. त्यानंतर निम्मी कंपनी ड्यूटीला जाई आणि निम्मी ट्रेनिंगला. निवडणुकीचा बंदोबस्त होता. काम गर्दी सांभाळण्याचं. कंटाळवाणं.

माझ्या सेक्शनमध्ये सिपाही कुंदा होती. आर्वीकडच्या एका खेड्यातली. कंपनीत वर्धा जिल्ह्याच्या आम्ही दोघीच. ड्यूटीवर ती मला 'हवालदार साब' म्हणे आणि ड्यूटी सुटली की 'ताई'. बुटकी, गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी. तिची किक कमरेच्या वर जात नसे. साहेबांसमोरच्या डेमोत मी तिला कधी पुढच्या रांगेत उभी केली नाही. रांग बिघडते, असं माझं मत होतं.

झुंजीच्या ट्रेनिंगला नवे उस्ताद, म्हणजे शिकवणारे, आले. नाव दलीप, हिमाचलचे. अंगानं बारीक, डोक्याला टक्कल, चहा बशीतून पिणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला लावल्या.

"मैट पे सब शेर होते हैं," ते म्हणाले.

मग त्यांनी शेडमध्ये बस बांधली. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन करून रांगेत, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट, दोन्ही बाजूंना रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या. निम्म्या पोरी प्रवासी. त्यांना हुकूम असा की खऱ्या प्रवाशांसारखं वागायचं: बाजूला बघायचं, मध्ये यायचं, मोबाईल काढायचा, मदत करायची नाही. हल्लेखोर स्वतः उस्ताद. हातात लाकडी सुरा, त्याला ओला गेरू फासलेला. जिथे सुरा लागेल तिथे वर्दीवर लाल डाग. वाद घालायला जागाच नाही.

पहिला नंबर मी मागून घेतला. खुर्च्यांच्या वाटेत शिरले, पोझिशन घेतली आणि पोटातून 'हा' असा आवाज काढला. उस्ताद लुंगी आणि मळक्या बनियनवर खिडकीशी बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी दुसऱ्यांदा 'हा' केलं. तेवढ्यात मागच्या प्रवाशानं माझ्या डोक्यात पोतं घातलं.

अंधार. सरकीचा वास. कुणीतरी वेणीला धरून खाली ओढलं. बरगडीत लाकूड टोचलं, मग पाठीत, मग पुन्हा बरगडीत. श्वास घ्यायला गेले तर तोंडात रुई. माझ्या तोंडून जी आरोळी निघाली ती दलाच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

"आई वं, मेली वं मी."

पोतं काढलं तेव्हा सगळी कंपनी छताकडे बघत होती. माझा शर्ट गेरूनं भरला होता. पँटचं काय झालं होतं ते सांगत नाही, नात वाचणार आहे.

उस्ताद माझ्यासमोर आले. हसले नाहीत.

"हवालदार साब," ते म्हणाले, "कवेलू वापस नहीं मारता।"

दुसऱ्या दिवशी एक अपघात झाला. दोन सिपाही एकमेकींना अशा भिडल्या की थांबेचनात. 'बस' म्हटलेलं त्यांना ऐकूच गेलं नाही. एकीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी उस्तादांनी गळ्यात शिट्टी अडकवली आणि नवा नियम सांगितला.

"लंबी सीटी, मतलब खेल खतम। जो हाथ में है, छोड़ो। हाथ नीचे, सावधान। जो नहीं रुकेगी, मैदान के चक्कर लगाएगी।"

नियम चांगला होता. आजही मी म्हणेन, नियम चांगला होता. त्यानंतर कुणाचं हाड मोडलं नाही. काही दिवसांत शिट्टी डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच हात खाली यायला लागले. इन्स्पेक्टर मॅडम, म्हणजे आमच्या कंपनी कमांडर, बघायला आल्या आणि म्हणाल्या, काय डिसिप्लिन आहे.

मग उस्ताद शेडच्या बाहेर पडले. आता हल्ला कुठेही होऊ लागला. पाण्याच्या टाकीजवळ, जेवणाच्या रांगेत, भाजी आणायला गेलेल्या गाडीच्या मागे. कधी उस्ताद स्वतः, कधी त्यांनी सांगून ठेवलेलं कुणी. आधी सूचना नाही. संपलं की शिट्टी. मी सोळा वर्षांच्या नोकरीत बऱ्याच वाईट जागी राहिले होते, पण मागून चपलेचा आवाज आला की दचकून वळायची सवय लागली, ती त्या शेडमध्येच. ताट घेऊन बसताना मी भिंतीला पाठ लावू लागले. फोडणीत मिरची तडतडली तरी खांदे वर जायचे.

कुंदा एका दुपारी माझ्याशेजारी कपडे धूत बसली होती.

"ताई, मले रातचं भेव नाई लागत," ती म्हणाली. "दिवसाचंच लागून राह्यलं."

"काऊन वं?"

"रातचं मालूम असते, अंधार हाय, भ्याचंच हाय. दिवसा कोन बोलायले येऊन राह्यलं अन कोन मारायले, समजतच नाई."

"मी हाय ना तुह्यासंग."

तिनं शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"तुमच्यावर तं पोतं पडलं व्हतं, ताई."

पण बसच्या खुर्च्यांमध्ये तीच सगळ्यांत बरी निघाली. पोझिशन नाही, आरोळी नाही. पडलेल्या आवाजात काहीतरी घरगुती बोलत जवळ जायची. समोरचा ऐकायला लागला की दोन्ही हातांनी त्याचा सुऱ्याचा हात धरायची आणि खुर्चीच्या पाठीवर दाबून ठेवायची. तिचे ओठ पांढरे पडलेले असत. उस्तादांनी एकदा सगळ्यांना थांबवून ते दाखवलं.

"इसको देखो। डरी हुई है, और काम कर रही है।"

मला ते आवडलं नाही. त्या दिवशी मी बूट फार वेळ घासले.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या सेक्शनची ड्यूटी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर लागली. आम्ही चौघी. दोन सिपाही गेटवर, मी आणि कुंदा फलाटांच्या बाजूला. सकाळी दहाचा सुमार. ऊन चढत होतं, फलाट भरलेले होते. हिंगणघाटची गाडी लागली होती.

माझ्या आधी कुंदाच्या लक्षात आलं.

"हवालदार साब, त्या गाडीतून लोकं उतरून राह्यले."

मी पाहिलं. सुटायच्या गाडीत लोक चढतात. या गाडीतून लोक उतरत होते. भराभर, सामान छातीशी धरून, एकमेकांशी एक शब्द न बोलता. कुणी ओरडत नव्हतं. शेवटी एक म्हातारी उतरली. तिनं माझी बाही धरली.

"बाई, अंदर सुरा हाय त्याच्यापाशी. त्या पोरीच्या मानेले लावला."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

"ताई, आपल्या उस्तादचं काम हाय का हे?"

माझ्याही मनात तेच आलं होतं. बस, सुरा, बाई. सगळं तसंच. मी वायरलेस सेट तोंडाशी नेला.

"ईगल बेस, ईगल थ्री। स्टैंड पर बस में चाकूवाला आदमी। एक औरत पकड़ रखी है। ओवर।"

थोडा वेळ नुसती खरखर. मग बेसनं विचारलं, "ईगल थ्री, एक्सरसाइज है या असली? ओवर।"

बेसलाही माहीत नव्हतं. मी खरी घाबरले ती त्या क्षणी, आत जाताना नाही.

"पता नहीं। ओवर।"

"असली मान के चलो। ओवर।"

"रॉजर। आउट।"

कुंदा पायरीवर चढली होती. वाट एका माणसापुरती. ती पुढे, मी मागे.

तो मधल्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून पाडलेला भांग, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. खिडकीच्या सीटवर एक पंचविशीची बाई. तिच्या मानेवरच्या पदराखाली त्याचा उजवा हात गेलेला. उस्ताद हल्लेखोर झाले की शिव्या द्यायचे, आरडाओरडा करायचे. हा माणूस हळू बोलत होता, आजारी माणसाला समजावतात तसं.

"घरी चाल. आई वाट पाहून राह्यली. दोन दिवसाची जेवली नाई ते."

बाई समोरच्या सीटकडे बघत होती. ती थरथरतही नव्हती.

"दादा," कुंदा म्हणाली, "ताईचं तोंड सुकलं हाय. एक घोट पानी पाजतो, मंग जा दोघंही."

त्यानं मान वळवली. फक्त मान. कुंदानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, पदराखालून बाहेर खेचलं आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर दाबलं. सुरा भाजी कापायचा, लांब पात्याचा. त्यावर गेरू नव्हता. तेव्हा मला कळलं. कुंदाला कळलं की नाही, मला माहीत नाही. तिची माझ्याकडे पाठ होती.

"ताई, सीटवर चढा, मागं या," मी ओरडले.

बाई सीटवर चढली, मागच्या रांगेत पडली, उठली. मी तिचा दंड धरून तिला माझ्यामागे ढकललं. ती दाराकडे पळाली. पायरीवर कुणीतरी तिला घेतलं. अर्धं काम झालं होतं. तो हिसके देत होता, पण हात दांडीवरून हलत नव्हता.

शेजारच्या फलाटावर दुसरी एसटी मागे घेत होते. तिचा कंडक्टर मागे उभा राहून, रोजच्यासारखा, शिट्ट्या देत होता. छोट्या, छोट्या. मग गाडी जागेवर आली आणि त्यानं थांबण्याची दिली. लांब.

माझी टाच टाचेला लागली. हात मांडीशी गेले.

कुंदाची बोटं उघडली.

पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढा त्याला पुरला. कुंदाच्या शर्टावर, बरगडीच्या खाली, लाल डाग दिसला आणि मी काय विचार केला ते खरंच लिहिते. मी म्हटलं, चला, एकच डाग.

मग तो पसरायला लागला.

पुढे मी जे केलं त्यात कुठली पोझिशन नव्हती. मी सीटवरून त्याच्या अंगावर पडले आणि त्याच्या सुऱ्याच्या हाताला चावले. कवेलू फोडणारी हवालदार. सुरा खाली पडेपर्यंत दात ढिले केले नाहीत. गेटवरच्या दोघी आल्या, त्यांनी त्याला पालथा घातला.

कुंदा सीटवर बसली होती, जशी एखादी तिकीट काढून बसते. एक हात पोटावर.

"शिट्टी तं वाजली व्हती ना, ताई?"

"व्हय. वाजली व्हती."

"मंग बरोबर," ती म्हणाली.

"ईगल बेस, ईगल थ्री। असली है। एक जवान घायल। गाड़ी भेजो।"

गाडीची वाट बघितली नाही. ऑटोत घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ऑटोवाल्याला उगाच शिव्या देत होते. तो बिचारा जीव तोडून चालवत होता. ऑपरेशन टेबलवर दुपारी ती गेली.

संध्याकाळी उस्ताद शेडमध्ये आले. खुर्च्यांची बस तशीच मांडलेली होती. त्यांनी एकेक खुर्ची उचलून भिंतीशी लावली. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि इन्स्पेक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"साब, लिखिए। सीटी मैंने सिखाई थी।"

मॅडमनी तसं लिहिलं की नाही, मला माहीत नाही. त्या कंडक्टरला आम्ही काहीच सांगितलं नाही. जबाबात त्यानं म्हटलं, मी गाडी मागे घेत होतो, मला काही दिसलं नाही. ते खरंच होतं. त्याला झोप लागावी, एवढंच मला वाटलं.

पेन्शन घेऊन मी सिंदी मेघेत राहायला आले. आता आठवड्यातून दोन दुपारी एका समाजमंदिरात मुलींना आणि बायांना शिकवते. खुर्च्यांची बस मांडते. लाकडी सुऱ्याला गेरू फासते. हल्लेखोर मीच होते. नातवंडांना सगळ्यांत जास्त हसू माझ्या लुंगीचं येतं. पण एकदा सुरू झालं की कुणी हसत नाही. मी ओरडत नाही. मुलीच्या शेजारी जाऊन बसते आणि हळूच म्हणते, "घरी चाल."

"आजी, तुमी वरडत काऊन नाई?" एका मुलीनं विचारलं. नर्सिंगच्या कॉलेजातली, चांगली दणकट. तिच्या हाताला घाम सुटला होता. "वरडल्या असत्या तं बरं झालं असतं."

"म्हनूनच नाई वरडत," मी म्हटलं.

शिट्टी नाही, टाळी नाही, 'बस झालं' नाही. कुणाला खरंच लागलं तर दोघी बाया मध्ये शिरून मला आणि तिला हातानं वेगळं करतात. नाहीतर सराव तेव्हाच संपतो, जेव्हा मुलगी दाराबाहेर जाते आणि तिथे उभ्या असलेल्या बाईचा हात धरते. मधेच फोन वाजो, कुकरची शिट्टी होवो, कुणी नाव घेऊन हाक मारो. मी मुद्दाम तसले आवाज करायला लावते. मुली घाबरतात. घाबरू देते. घाबरलेली असतानाही तिचा हात काम करतो का, तेवढं बघते.

तेरवी झाल्यावर मी कुंदाच्या गावी गेले होते. तिच्या आईला भेटायचं होतं आणि भेटायची भीती होती. त्या दिवशी सुरेवाल्याच्या बसमध्ये चढतानाही वाटली नव्हती एवढी. जाताना मी वाक्यं पाठ केली. कर्तव्य, बलिदान, कंपनीला अभिमान. कडक वर्दी घातली.

आई गोठ्याच्या ओट्यावर बसली होती. कुंदासारखीच बुटकी. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला. मी वाक्यं म्हणाले. तिनं ती ऐकून घेतली.

"पोलीस सांगत व्हते," ती म्हणाली, "तिनं धरला व्हता त्याले. मंग सोडला काऊन?"

पाठ केलेलं मी सोडून दिलं. मी शिट्टीचं सांगितलं. सगळं. उस्ताद, खुर्च्या, नियम, शेजारची एसटी. माझी टाच जुळली तेही. आईच्या हातावर माशा बसत होत्या, ती उडवत नव्हती.

"पन जवर धरला व्हता तवर घट्ट धरला व्हता का?"

तेव्हा मी तिला कोर्टातलं सांगितलं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हजर केलं होतं आणि मी बाहेर बाकावर बसले होते. त्याला माझ्यासमोरून नेलं. बेडीच्या वर, उजव्या मनगटावर, बोटांचे वळ उठलेले होते. काळे-निळे, एकेक बोट वेगळं दिसेल असे. लहान बोटं. माझे दात त्याच्या खूप वर लागले होते. ते वळ माझे नव्हते.

आईनं आपला उजवा हात पुढे केला आणि डाव्या हातानं स्वतःचंच मनगट धरलं. बोटं कुठवर येतात ते बघितलं. दाबून बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "तिचाच हात. शाळेत जायच्या आंधी धार काढे ते. म्हैस लाथ मारे, बादली उलटे, पन आचळ सोडे नाई."

मग ती उठली. म्हशीची वेळ झाली होती.

सिपाही कुंदा. गाव आर्वीकडचं. वय सव्वीस. बसमधली ती बाई जिवंत आहे.